दिवस कितवा?

माझ्या मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, कादवा नदीपासून थोड्या अंतरावर आहे. बागेच्या शेडमध्ये, औषधांच्या कपाटाशेजारी, खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत एक जाड डायरी असते. मुखपृष्ठावर मोरचुदाचा निळसर डाग, कडा पाण्याने फुगलेल्या, आणि आत मामांच्या तिरक्या अक्षरात प्रत्येक पानावर आखलेले पाच खाने: तारीख, दिवस, औषध, प्रमाण, पाणी. ही फवारणीची वही. मामांच्या घरात पासबुकाला जपत नाहीत इतके या वहीला जपतात, आणि त्याला कारण आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील निर्यातदार बागायतदारांनी काय सोसले ते मी आईच्या आणि मामांच्या बोलण्यातून ऐकलेले आहे. कोणते औषध, कधी, किती मारले याची लेखी नोंद म्हणजे मालाची पत, ही समज तेव्हापासून अधिकच पक्की झाली.

दोन वर्षांपूर्वी पावसाच्या एका सरीत शेडचे पत्रे गळले आणि त्या वहीची अकरा पाने एकमेकांना चिकटून निकामी झाली. मामी ती पाने तव्याच्या उबेवर सुकवत असताना मी म्हणाले, "मामा, ही वही मी मोबाइलवर करून देते." माझे काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाचे आहे. एक्सेलच्या फायली एकत्र करण्याच्या गरजेतून मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले होते, पण वेबसाइट कधी बांधली नव्हती. मामा एवढेच म्हणाले, "कर. पण वहीत जे दिसतं ते त्यात दिसलं पाहिजे." या वाक्याचा पूर्ण अर्थ मला पुढे सहा महिन्यांनी समजला.

पायथनमध्ये वेबसाइट करायची तर दोन नावे लगेच समोर येतात, फ्लास्क आणि जँगो. फ्लास्क लहान आणि मोकळे आहे. पत्ता आला की कोणते फंक्शन चालवायचे एवढे ते सांगते. डेटाबेस, लॉगिन, अर्ज हे सगळे आपल्या पसंतीने जोडून घ्यायचे. जँगोत हे सारे घरचेच असते. मी जँगो निवडले ते त्याची जन्मकथा वाचून. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये हे काम सुरू केले आणि २००५ च्या जुलैत ते सर्वांसाठी खुले झाले. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. मला मोलाचा वाटला तो त्यातला वृत्तपत्राचा भाग. बातमीदाराला आज संध्याकाळपर्यंत माहिती भरायची आहे, प्रोग्रामर त्याच्याशेजारी बसणार नाही, त्यामुळे माहितीचा साचा लिहिला की ती भरण्याचा पडदा आपोआप तयार झाला पाहिजे, या निकडीतून जँगोचे ॲडमिन आले. माझे मामाही बातमीदारासारखेच आहेत. ढग भरून आले की त्यांच्याकडे वेळ नसतो.

पाथर्डी फाट्याच्या घरी, एका शनिवारी रात्री, मी पहिल्यांदा सुरुवात केली. आधी एका फोल्डरमध्ये व्हेन्व, म्हणजे या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेले पायथन. ऑफिसच्या कामाची पॅकेजेस आणि ही पॅकेजेस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. मग पिप या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने जँगो, आणि मग 'जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट' ही आज्ञा. क्षणभरात एक मॅनेज डॉट पीवाय ही फाइल आणि आतल्या फोल्डरात पाच फायली उभ्या राहिल्या. त्यांतल्या सेटिंग्ज आणि यूआरएल्स या दोनच फायलींशी सुरुवातीला आपला संबंध येतो. बाकीच्या तीन तशाच राहू द्याव्यात. सर्व्हर चालू केला, ब्राउझरमध्ये ८००० क्रमांकाच्या पोर्टचा पत्ता टाकला, आणि पडद्यावर उड्डाण करणारे रॉकेट व अभिनंदनाचा मजकूर आला. टर्मिनलमध्ये मात्र तांबड्या अक्षरांत एक सूचना होती: १८ मायग्रेशन्स अजून लागू केलेली नाहीत. मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या टेबलांत करायच्या बदलाची फाइल; मायग्रेट ही आज्ञा दिली की ते बदल प्रत्यक्षात होतात.

मी ती सूचना वाचली आणि लगेच मायग्रेट ही आज्ञा दिली. सगळे शिकवणारे हेच करायला सांगतात, आणि शिकण्यापुरते ते बरोबरही आहे. पण त्या अठरा मायग्रेशन्समध्ये लॉगिन करणाऱ्या व्यक्तीचे टेबलही असते. जँगोचा तयार वापरकर्ता यूजरनेम, नाव, आडनाव आणि ईमेल अशा घडणीचा आहे. आमच्याकडे ईमेल फक्त मावसभावाला. मामा, मामी आणि बागेवर राहणारे गडी यांची ओळख म्हणजे मोबाइल नंबर. दोन आठवडे रोज रात्री नोंदी भरल्यानंतर, मोबाइल नंबरानेच लॉगिन व्हावे असे ठरवून मी वापरकर्त्याचा साचा बदलायला गेले, तेव्हा कळले की या टेबलाला ॲडमिनपासून माझ्या फवारण्यांपर्यंत सगळ्यांचे धागे बांधलेले आहेत. जँगोचे दस्तऐवज स्पष्टपणे सांगतात की नव्या प्रकल्पात स्वतःचा वापरकर्ता साचा पहिल्या मायग्रेटच्या आधीच ठरवा, कारण मध्येच तो बदलणे फार कठीण आहे. मी ते पान त्या रात्री उघडले नव्हते. अखेर डेटाबेसची फाइल पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना कॉम्प्युटरमधले काही समजावून द्यावे लागले नाही. "म्हणजे खुंट चुकला," ते म्हणाले. द्राक्षाची नवी बाग लावताना आधी जमिनीत खुंटकाडी लावतात, आमच्याकडे बहुतेक डॉगरिजची, आणि काही महिन्यांनी त्यावर थॉमसन किंवा दुसऱ्या हव्या त्या जातीचे कलम भरतात. छाटणी चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते, एखादी काडी जास्त ठेवली तर काढता येते; खुंट आणि ओळींमधले अंतर मात्र पुढची बारा-पंधरा वर्षे बदलत नाही. त्या दिवसापासून मी प्रकल्पातल्या प्रत्येक गोष्टीकडे खुंट की काडी या नजरेने पाहू लागले. पडद्याचा रंग, पानांची मांडणी, अगदी साच्यातले बहुतेक खानेसुद्धा काडीत मोडतात. साचा बदलावा, मेकमायग्रेशन्स म्हणावे, जँगो स्वतःच बदलाची फाइल लिहून देतो. वापरकर्त्याचा साचा हा खुंट. कोणत्या आवृत्तीवर बांधायचे हाही बऱ्याच अंशी खुंटच. जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते, पण एल-टी-एस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, म्हटल्या जाणाऱ्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या सुमारे तीन वर्षे मिळतात. दुसऱ्या सुरुवातीला मी एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ ही एल-टी-एस आवृत्ती घेतली. एका माणसाने सुट्टीच्या दिवशी सांभाळायच्या कामाला दर आठ महिन्यांची धावपळ परवडत नाही.

दुसऱ्या सुरुवातीला मी आठवडाभर एकही आज्ञा दिली नाही. रविवारी निफाडला गेले आणि मामांसमोर वही उघडून बसले. पहिल्या प्रयत्नात मी 'प्लॉट' आणि 'फवारणी' असे दोन साचे केले होते. फवारणीला तारीख होती आणि ती कोणत्या प्लॉटवर झाली एवढे होते. मामांनी माझ्या मोबाइलवरची जुनी यादी पाहिली आणि विचारले, "यात दिवस कुठंय?"

"ही काय तारीख, मामा."

"अगं, तारखेला कुणी औषध मारत नाही. दिवसाला मारतात. चाळिसावा दिवस म्हणजे बाग कुठं आली ते मला डोळे मिटून कळतं. बारा नोव्हेंबरवरून काय कळणार?"

वहीतला 'दिवस' हा खाना मी पहिल्या प्रयत्नात वगळला होता, कारण तारखेवरून तो काढता येईल असे मला वाटले होते. काढता येतोच, पण कशापासून? गोडी छाटणीपासून. आणि माझ्या डेटाबेसमध्ये छाटणी नावाची गोष्टच नव्हती. द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. बागेचे सगळे पंचांग या दोन दिवसांपासून मोजले जाते. फुटी कधी निघतील, फुलोरा कधी येईल, डीपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, कधी करायचे, मणी कधी उतरतील, सगळ्याचा हिशेब छाटणीपासूनच्या दिवसांत. तेव्हा फवारणी प्लॉटची नसून छाटणीची आहे. प्लॉटला अनेक छाटण्या, छाटणीला अनेक फवारण्या, असा धागा बांधला आणि दिवस हा खाना भरायचा न ठेवता दोन तारखांच्या वजाबाकीतून दाखवला. कोडमध्ये हे जेमतेम चार ओळींचे काम आहे. त्या चार ओळी कोणत्या, हे मात्र कोणत्याही शिकवणीच्या पानावर नव्हते. ते वहीत होते आणि मामांच्या बोटांवर होते.

पुढचा खाना औषधाचा. वहीत एका दिवशी एका ओळीत दोन-तीन औषधे असतात, कारण टाकीत ती एकत्र घालतात. म्हणून फवारणी आणि औषध यांच्यामध्ये तिसरा साचा आला, 'टाकीतले औषध', आणि प्रमाण त्याच्याकडे गेले. प्रमाण लिटरमागे अर्धा ग्रॅम असे असते, तेव्हा तिथे अपूर्णांक अंदाजे साठवणारा फ्लोट न वापरता तो नेमका साठवणारा डेसिमल वापरला. पायथनला शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची फ्लोटमध्ये बेरीज विचारली की उत्तराच्या शेपटीला सतराव्या स्थानावर चार हा अंक येतो; जिथे मोजमाप औषधाचे आहे तिथे अशी शेपटी मला नको होती.

औषधाला आणखी एक आकडा असतो, त्याला आमच्याकडे सगळे पीएचआय म्हणतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किमान किती दिवस गेले पाहिजेत तो काळ. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथून शिफारस केलेल्या औषधांची यादी निघते, तिला बागायतदार 'ॲनेक्शर पाच' म्हणून ओळखतात, आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. मी पीएचआय औषधाच्या साच्यात ठेवला होता आणि काढणीची सर्वांत आधीची तारीख त्यावरून काढत होते. ऑफिसात एका जुन्या बिलावर नवा दर लागून झालेला घोळ निस्तरताना माझ्या लक्षात आले की इथेही तेच होणार. उद्या यादीत आकडा बदलला आणि मी औषधाच्या नोंदीत तो सुधारला, तर गेल्या वर्षीच्या फवारण्यांचा हिशेबही गुपचूप बदलेल. जी फवारणी ज्या दिवशी झाली, तिच्यासोबत त्या दिवशीचा पीएचआय कोरून ठेवला पाहिजे. म्हणून तो आकडा 'टाकीतले औषध' या साच्यातही नकलून ठेवला. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवू नये असे डेटाबेसचे पुस्तक सांगते, आणि ते खरे आहे. पण आजचा नियम आणि त्या दिवशीचा नियम या दोन वेगळ्या माहिती आहेत, हे मला बिलाने शिकवले.

ॲडमिनचा पडदा पहिल्यांदा मराठीत उघडला तो क्षण मी विसरणार नाही. साच्याला 'फवारणी' असे मराठी नाव दिले होते, आणि जँगोने अनेकवचनासाठी स्वतःहून त्याच्या शेवटी इंग्रजी एस हे अक्षर चिकटवले होते. अनेकवचन वेगळे सांगावे लागते. 'फवारण्या' असे लिहिले आणि ते अक्षर गेले. यापेक्षा मनाला लागली ती दुसरी गोष्ट. प्रत्येक प्लॉटच्या पानाचा पत्ता त्याच्या नावावरून करावा म्हणून मी जँगोच्या स्लगिफाय या सोयीला 'ओढ्याकडचा' हे नाव दिले, युनिकोड चालेल असेही सांगितले, आणि हाती आले 'ओढयकडच'. पायथन ज्या नियमाने शब्दातले अक्षर ओळखते त्या नियमात आपली काना-मात्रा-वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह अक्षर म्हणून धरले जात नाही, त्यामुळे ती सारी गळून पडतात. नाशिकचे 'नशक' होते, निफाडचे 'नफड'. मराठीत काना हा शब्दाचा अर्थ पेलणारा भाग आहे, तो शोभेचा नाही. मी पत्त्यात नावाऐवजी क्रमांक ठेवला, पण मराठीत साइट बांधणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

याच ॲडमिनने मला एका मोठ्या नुकसानातून वाचवले. यादीत एकच बुरशीनाशक दोन वेगळ्या शुद्धलेखनांनी दोनदा आले होते. मी त्यातले एक निवडून डिलीट म्हटले, तेव्हा जँगोने एक पान समोर ठेवले: हे औषध काढले तर त्यासोबत पुढील नोंदीही जातील. खाली सरळ उतरंड होती, 'टाकीतले औषध' या साच्यातल्या एकोणीस नोंदी, सप्टेंबरपासूनच्या. मी धागा बांधताना कॅस्केड, म्हणजे मूळ नोंदीसोबत तिच्यावरच्या नोंदीही काढ, हा शब्द लिहिला होता, कारण उदाहरणांत बहुधा तोच असतो. जँगोच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरपासून, हा निर्णय लिहिल्याशिवाय धागा बांधताच येत नाही: मूळ गोष्ट गेली तर तिच्यावर टांगलेल्या गोष्टींचे काय करायचे? मी परत फिरले आणि तिथे प्रोटेक्ट, म्हणजे काढू देऊ नको, असे लिहिले. आता ज्या औषधाची एक जरी फवारणी झाली असेल ते औषध काढता येत नाही. वहीतही ते तसेच आहे. मामा चुकीच्या ओळीवर एक आडवी रेघ मारतात, पान फाडत नाहीत.

नोव्हेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस आला. डाऊनी, म्हणजे केवडा रोगाच्या भीतीने अशा वेळी बागायतदार घड्याळ बघत नाही. पाऊस उघडला की फवारणीचा ब्लोअर निघतो, मग रात्र असो की पहाट. मी त्या वेळी तिथेच होते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, अंगात स्वेटर आणि डोक्याला मफलर अशा अवस्थेत मामांनी शेडमधल्या बल्बखाली माझ्या मोबाइलवर पहिली खरी नोंद केली. तारीख आपोआप भरली जावी अशी मी सोय केली होती. मामांनी चष्मा वर केला, पडदा जवळ नेला आणि म्हणाले, "दिवस एकोणतीस दाखवतंय. आज तिसावा."

नवीन जँगो प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी केलेली प्रत्येक नोंद सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची होती. ऑफिसात दहा ते सहा या वेळेत काम करणाऱ्या माणसाला ही चूक वर्षभर सापडली नसती, कारण त्या वेळेत दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'एशिया/कोलकाता' असे लिहिले आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. मामांनी पान ताजे केले, तीस आकडा पाहिला, आणि कपाटाजवळच्या पिशवीतून वही काढून तिथेही तीस लिहिले.

त्यानंतर मी चाचण्या लिहायला घेतल्या. जँगो प्रत्येक ॲपसोबत चाचण्यांची एक रिकामी फाइल देतो, आणि पहिल्या प्रयत्नात मी ती पुसून टाकली होती. आता प्रश्न एवढाच होता की बरोबर उत्तर कोणते मानायचे. ते माझ्या डोक्यातून काढण्यात अर्थ नव्हता. मी गेल्या वर्षीच्या वहीतल्या शाबूत पानांवरून चौदा नोंदी निवडल्या, प्रत्येकीत छाटणीची तारीख, फवारणीची तारीख, आणि शेजारी मामांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला दिवस. प्रत्येक नोंदीची एक चाचणी. मॅनेज डॉट पीवाय टेस्ट ही आज्ञा दिली की जँगो पास झालेल्या चाचणीसाठी एक टिंब उमटवतो आणि नापास झालेलीसाठी इंग्रजी एफ. तेरा टिंबे आली आणि मध्येच एक एफ.

ती नोंद मी वहीत पुन्हा पाहिली. दिवसाच्या खान्यात मामांनी '४५/४४' असे लिहिले होते, आणि मी निवडताना पहिला आकडा सोडून दुसरा घेतला होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते, तरी फोन लावला.

"ओढ्याकडच्या बारा ओळी दुसऱ्या दिवशी छाटल्या होत्या," मामा म्हणाले. "मजूर अर्धेच आले. औषध एकाच वेळी मारलं, पण त्या ओळी एक दिवस मागं."

म्हणजे एका प्लॉटला एकाच हंगामात दोन छाटण्या, आणि एक फवारणी दोन्ही छाटण्यांची. मी बांधलेल्या धाग्यात एका फवारणीला एकच छाटणी मावत होती. पण हा खुंट नव्हता. फवारणी आणि छाटणी यांच्यातला धागा अनेकांचा अनेकांशी करायचा होता आणि छाटणीच्या साच्यात एक खाना वाढवायचा होता. मी विचारले, "मामा, त्या खान्याला नाव काय देऊ? भाग म्हणू?"

"भाग कशाला, ओळी लिही. कितवीपासून कितवीपर्यंत. गड्याला तेच सांगतो आम्ही."

मी साच्यात 'ओळ पासून' आणि 'ओळ पर्यंत' असे दोन खाने घातले, मेकमायग्रेशन्स म्हटले, आणि जँगोने सातव्या क्रमांकाची मायग्रेशन फाइल लिहून दिली.